जुनी जिप्सी ऑफरोडला काढताना: आधी धड, मग उंच

मारुती जिप्सी डिसेंबर १९८५ मध्ये आपल्याकडे आली आणि तिचं उत्पादन थांबूनही आता काही वर्षं झाली. तरी पावसाळ्यात सह्याद्रीतल्या कुठल्याही चिखलवाटेवर जा, चार गाड्यांत एक जिप्सी असतेच. कारण सरळ आहे. मजबूत चासी, पुढे-मागे अखंड ॲक्सल, चारी बाजूंना पाटे (लीफ स्प्रिंग), लो गिअर आणि जेमतेम हजार किलो वजन. जिथे दोन टनांची एसयूव्ही रुतून बसते तिथून ही हलकी गाडी तरंगत निघून जाते.

नवा माणूस जुनी जिप्सी घेतो आणि पहिल्या आठवड्यात गाडी उंच करायचं लिफ्ट किट, रुतलेली गाडी दोराने ओढायचा विंच आणि छतावरच्या दिव्यांची यादी करतो. हा क्रम उलटा आहे. वीस वर्षांची गाडी उंच केली की तिचं प्रत्येक दुखणं उंच होतं. इथे दिलेला क्रम असा: कागद, गंज, दुरुस्ती, टायर, खेचून काढायचं सामान आणि सर्वांत शेवटी पाटे. कित्येकांना शेवटच्या पायरीपर्यंत जायची गरजच पडत नाही.

कोणती जिप्सी

बाजारात ढोबळ मानाने तीन प्रकार दिसतात. पहिली एमजी-४१०, ९७० सीसीचं कार्बोरेटर इंजिन, सुमारे ४५ बीएचपी. १९९३ मध्ये हिच्याच डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर ९० मिमीने वाढवलं, ती 'वाइड ट्रॅक'. दुसरी १९९६ ची जिप्सी किंग, १२९८ सीसी, पण कार्बोरेटरच. तिसरी २००० नंतरची एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनची) किंग, सोळा व्हॉल्व्ह, ८० बीएचपी.

नवख्याने तिसरी घ्यावी. चढावर तिरकी उभी राहिली तर कार्बोरेटरची गाडी पेट्रोलच्या पातळीमुळे गचके खाते किंवा बंद पडते. इंजेक्शनच्या गाडीला तो त्रास नाही. अरुंद ट्रॅकची जुनी ४१० स्वस्त मिळाली तरी आडव्या उतारावर ती लवकर कलंडते, त्यामुळे तिला उंच करायचा विचारही नको.

सैन्यातून लिलावात निघालेल्या गाड्याही मिळतात. त्या घेताना गाडीइतकेच लिलावाचे कागद बघा. चासी नंबर स्वतः जमिनीवर झोपून वाचा, पेन्सिलीने कागदावर छाप घ्या आणि आरसी बुकाशी ताडून बघा. दिल्लीत १५ वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्याने तिकडच्या बऱ्याच जिप्सी एनओसीवर महाराष्ट्रात येतात. त्यांच्या बाबतीत फॉर्म २८ वरची एनओसी खरी आणि मुदतीतली आहे याची आरटीओत खात्री करून मगच पैसे द्या. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते. पुढे फिटनेस तपासून ५-५ वर्षांनी नूतनीकरण, आणि महाराष्ट्रात वर हरित कर.

कायदा काय म्हणतो

हे आधी वाचा, कारण नंतर वाचून उपयोग नसतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलापेक्षा वेगळा, कंपनीच्या मूळ मापाशी न जुळणारा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पुढच्या लोखंडी बुलबारवर कारवाई करा असं केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं आहे.

म्हणून व्यवहारी वाट अशी: रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत असेच बदल करा जे काढून मूळ रूपात आणता येतात. कापाकापी, वेल्डिंगची उंची, अवाढव्य टायर हे फक्त खासगी जागेवर, ट्रेलरवरून नेल्या जाणाऱ्या गाडीसाठी. मूळ टायर-रिम आणि मूळ पाटे भंगारात देऊ नका, कोपऱ्यात जपून ठेवा. विमा कंपनीला बदल कळवलेला नसेल तर दावा अडकू शकतो, तेही ध्यानात असू द्या.

आणि गाडी कुठे घालायची याचाही विचार. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय नाही, गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर नाही, कुणाच्या पेरलेल्या रानात तर नाहीच नाही.

हातोडी आणि गंज

गाडी बघायला जाताना छोटी हातोडी, टॉर्च आणि जुनं सतरंजीचं फडकं न्या. गाडीखाली सरका आणि चासीवर हातभर अंतरावर हलके ठोके द्या. जाड पत्रा 'टण्' बोलतो. आतून कुजलेला 'थप्' असा मेलेला आवाज देतो आणि कधी कधी हातोडीची कड आतच जाते. खाली लालसर भुगा पडला तर वरचा काळा रंग परवाच मारलाय असं समजा.

ठोकायच्या जागा: मागच्या पाट्यांचे शॅकल (पाट्याचं टोक चासीला लटकवणाऱ्या झुलत्या पट्ट्या) जिथे चासीला धरतात तो भाग, बॉडी चासीवर बसते ते माउंट, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा, पुढच्या काचेच्या चौकटीची खालची कड आणि पेट्रोलच्या टाकीच्या वरची पोकळी. कोकणातली गाडी असेल तर दुप्पट वेळ द्या, खारा वारा चासीला आतून खातो. पायाखालचा पत्रा कुजला तर डेंटर दोन दिवसांत बदलतो. शॅकलच्या आधाराशी चासी कुजली असेल तर गाडी सोडून द्या. त्या जागेवर पॅच मारून वरून रंग दिलेली गाडी एका मोठ्या खड्ड्यात पाटा आत घुसवून घेते.

पुढचं ॲक्सल: इथे वेळ घालवा

जिप्सीची सगळी दुखणी पुढच्या चाकांत एकवटतात. तपासणी सोपी आहे.

पुढचं चाक जॅकवर उचला. टायर घड्याळाच्या बारा आणि सहाच्या ठिकाणी धरून आत-बाहेर हलवा. खटखट लागली तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खटखट थांबली तर व्हील बेअरिंग सैल आहे. तरीही राहिली तर किंगपिनचं (ज्या पिनवर चाक डावी-उजवीकडे वळतं तिचं) बेअरिंग गेलं आहे. मग तीन आणि नऊच्या ठिकाणी धरून हलवा, इथली खटखट बहुधा टायरॉडच्या (दोन्ही पुढच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या) टोकांची.

किंगपिन सैल असलेली जिप्सी ५०–६० च्या वेगात एखादा खड्डा लागला की स्टीअरिंग हातातून सुटेल इतकी थरथरते. मेकॅनिक याला 'वॉबल' म्हणतात, आणि बरेच जण स्टीअरिंग डॅम्पर (थरथर शोषणारा छोटा शॉकअप) लावून तो दाबून टाकतात. डॅम्पर हे दुखण्यावरचं पांघरूण आहे. आधी किंगपिन बेअरिंग आणि त्याखालच्या शिम (पातळ चकत्या), मग टायरॉड एंड, मग पाट्यांचे बुश, मग चाकांचं बॅलन्सिंग, या क्रमाने शोधा. पाट्याचे बुश गेलेले असतील तर अख्खं ॲक्सलच आडवं सरकतं आणि स्टीअरिंगला कितीही घट्ट केलं तरी फरक पडत नाही.

ॲक्सलच्या टोकाला चाक वळवणारा भाग म्हणजे नकल. नकलच्या गोल कवचावर मागच्या बाजूने नमद्याचं आणि रबराचं सील असतं. तिथून काळं तेलकट ग्रीस ओघळत असेल तर दोनपैकी एक कारण: एक तर सील फाटलं आहे, नाहीतर ॲक्सलचं आतलं ऑइल सील जाऊन डिफचं (डिफरन्शियल, ॲक्सलमधला गिअरचा गोळा) ऑइल नकलमध्ये येतंय. दोन्ही वेळा सगळं उघडून धुवा आणि आतल्या जॉइंटमध्ये मॉलिब्डेनमवालं ग्रीस भरा. जिथून ग्रीस बाहेर येतं तिथूनच ओढ्याचं पाणी आत जातं. पाणी-मातीने घासलेला तो जॉइंट नेमका चढावर, स्टीअरिंग पूर्ण वळवलेलं असताना फुटतो.

किंगच्या बऱ्याच गाड्यांत पुढचे हब (चाकाला ॲक्सलच्या शाफ्टशी जोडणारा भाग) व्हॅक्यूमवर जोडले जातात. पाइप कडक झाले, डायफ्रॅम फाटला की फोर-एचचा (चारी चाकांना ताकद, नेहमीच्या वेगाचे गिअर) दिवा लागतो पण पुढची चाकं फिरत नाहीत. तपासायला पुढची दोन्ही चाकं उचला, मागच्या चाकांना ओंडके लावा, इंजिन चालू करून फोर-एच टाका आणि इंजिन बंद करा. आता एक पुढचं चाक हाताने फिरवून बघा, हब जोडले गेले असतील तर दुसरं चाक उलट्या दिशेने फिरलं पाहिजे. व्हॅक्यूमची डोकेदुखी नको असेल तर हाताने फिरवायचे हब बसवा. ऑफरोडसाठी हाच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी बदल. चिखलात उतरून हब फिरवावे लागतात म्हणून लोक कुरकुरतात. त्यावर उपाय, वाट सुरू व्हायच्या आधी कोरड्यातच फिरवून घ्या.

तेलं आणि श्वासनळ्या

गाडी घरी आली की मागचा मालक काय सांगतो ते ऐकून घ्या आणि सगळी तेलं बदला. गिअरबॉक्सला साधारण १.३ लिटर, ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या डब्याला) ०.८, पुढच्या डिफला २ आणि मागच्याला १.५ लिटर लागतं. मोजून ओतण्यापेक्षा लेव्हल प्लगच्या भोकातून ओघळेपर्यंत भरा, गाडी सपाटीवर हवी. डिफमध्ये ८०डब्ल्यू-९० जीएल-५, गिअरबॉक्समध्ये ८०डब्ल्यू-९० जीएल-४. दोन्हीकडे एकच जीएल-५ ओतणारे खूप आहेत, पण गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना ते मानवेलच असं नाही.

आधी भरायचा बोल्ट उघडा, मगच निचऱ्याचा. सगळं तेल सोडून दिलं आणि मग भरायचा बोल्ट गंजाने अडकलाय असं कळलं तर गाडी जागेवरच बसते. निघालेलं तेल चहासारखं दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय; नवं तेल घालून शंभरेक किलोमीटर चालवा आणि पुन्हा बदला. निचऱ्याच्या प्लगवर बारीक राखाडी लगदा चालतो, चकाकणारे तुकडे चालत नाहीत.

पाणी आत जातं कसं? दोन तास चाललेलं डिफ तापलेलं असतं. ते थंड ओढ्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि डिफ श्वास ओढावा तसं पाणी ओढतं. पाणी ब्रीदरमधून, म्हणजे डिफच्या श्वासाच्या छोट्या नळीतून येतं, आणि तिचं झाकण मातीने बुजलेलं असेल तर ऑइल सीलच्या ओठातून. यावर इलाज तासाभराचा आहे. दोन्ही डिफ, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्या ब्रीदरवर पेट्रोलचा रबरी पाइप बसवा, क्लिप लावा आणि टोक बॉनेटखाली फायरवॉलच्या वरच्या भागात नेऊन तिथे छोटा इंधन फिल्टर लावा. पाइप ॲक्सलजवळ हातभर सैल सोडा. घट्ट ताणून बांधला तर चाक खाली लोंबल्यावर तो उपटला जातो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

इंजिन थंड ठेवा, ताकदीच्या मागे लागू नका

एमपीएफआय किंगचे ८० बीएचपी मिळतात ६,००० आरपीएमला आणि १०३ एनएम टॉर्क ४,५०० ला. म्हणजे खालच्या फेऱ्यांत या इंजिनात फारसा दम नाही, तो लो गिअरमधून घ्यायचा. एअर फिल्टर आणि एक्झॉस्ट बदलून फक्त आवाज वाढतो. रेडिएटर बाहेर काढून धुवा, सगळे होज आणि फॅन बेल्ट नवे टाका. थर्मोस्टॅट काढून फेकायची सवय अजून अनेक गॅरेजांत आहे. तो पुन्हा बसवून घ्या. त्याच्याशिवाय इंजिन हायवेवर कामाच्या तापमानाला येतच नाही आणि पेट्रोल जास्त पितं.

स्नॉर्कल (इंजिनची हवा छताच्या उंचीवरून घेणारा पाइप) लावला म्हणजे गाडी पाणबुडी झाली असं नाही. हवेचा मार्ग एअर फिल्टरच्या डब्यापासून थ्रॉटलपर्यंत प्रत्येक जोडावर हवाबंद नसेल तर वरचा पाइप नुसता शोभेचा. इंजिनने पाणी ओढलं की ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. नवख्याने हबच्या मध्याएवढं पाणी ही हद्द धरावी, आणि तेही आधी चालत जाऊन तळ बघितल्यावर. गाडी पाण्यात बंद पडली तर स्टार्टर मारू नका. ओढून बाहेर काढा, प्लग काढा, मग स्टार्टर फिरवून पाणी बाहेर उडवा.

टायर: खरा बदल इथे

किंगचं मूळ माप २०५/७० आर १५, व्यास साधारण ६६८ मिमी. डिफ जमिनीपासून उंच करायचं असेल तर टायर मोठा करण्याशिवाय उपाय नाही. लिफ्टने बॉडी उंच होते, ॲक्सल जिथल्या तिथे राहतं. टायरने मिळणारी उंची व्यासातल्या फरकाच्या निम्मी.

२१५/७५ आर १५ चा व्यास सुमारे ७०३ मिमी, म्हणजे १८ मिमी उंची. मूळ ५.५ इंची रिमवर बसतो, मूळ पाट्यांवर चालतो. नवख्यासाठी हाच.

२३५/७५ आर १५ चा व्यास ७३३ मिमी, उंची ३३ मिमी. सगळ्यांना हवा असतो तो हा. पण याला किमान ६ इंची रिम लागतो, पूर्ण वळणावर तो पाट्याला आणि पुढच्या पत्र्याला घासतो, आणि स्पीडोमीटर जवळजवळ १० टक्के कमी दाखवतो. ८० दाखवत असताना तुम्ही ८८ ला असता. तेवढेच १० टक्के गिअरिंग पण जातं. पाचवा गिअर घाटात विसरा, लो गिअरची रांगण्याची ताकदही कमी होते, ब्रेकला जास्त जोर लावावा लागतो. त्यापुढे ३१ इंची टायर म्हणजे कमी वेगाचं डिफ, मजबूत शाफ्ट, कापलेले मडगार्ड असं लांबलचक बिल.

नक्षी कोणती? कोकणातला लाल चिखल पातळ असतो, ऑल टेरेन टायर त्यात चालून जातो. देशावरची काळी माती ऑल टेरेनच्या खाचा अशा लिंपून टाकते की दहा फेऱ्यांत टायर गुळगुळीत भाकरीसारखा होतो. तिथे मोठ्या, विरळ ठोकळ्यांचा मड टेरेन हवा, जो फिरता फिरता माती झटकतो. मात्र ओल्या डांबरावर मड टेरेन घसरतो. आठवड्यातले पाच दिवस गाडी पुण्या-मुंबईत चालणार असेल तर ऑल टेरेन घ्या आणि हवेशी खेळायला शिका.

हवा हा फुकटचा बदल आहे. गाडी हलकी असल्याने रस्त्यावर २२ ते २६ पीएसआय पुरते. खडकाळ, चिखलाच्या वाटेवर १५ ते १८, खोल वाळूत १२. बीडलॉक (टायरची कड रिमला आवळून धरणारी कडी) नसलेल्या रिमवर १० च्या खाली गेलात की वळणावर टायर रिमवरून उतरतो. कमी हवेत वेग ३०–४० च्या वर नको, आणि डांबर लागण्याआधी पुन्हा भरा. त्यासाठी थेट बॅटरीला लावायचा कॉम्प्रेसर आणि काट्याचा प्रेशर गेज घ्या. सिगारेट लायटरच्या सॉकेटवरचे पंप फ्यूज उडवतात.

खेचून काढायचं सामान

दोन इंची लिफ्टच्या आधी हे. जिप्सीच्या पुढे-मागे असलेल्या पातळ कड्या गाडी बांधण्यासाठी आहेत, रुतलेली गाडी झटक्याने ओढायला नाहीत. पुढे दोन, मागे किमान एक, क्षमता कोरलेला हुक चासीला बसवा. १२ मिमीचे ८.८ किंवा १०.९ दर्जाचे बोल्ट, आणि चासीच्या पेटीच्या आतल्या बाजूला ६ मिमी जाडीची पट्टी. पट्टी नसेल तर पातळ चासीतून बोल्टचं डोकं आरपार निघतं.

पूर्ण भरलेली जिप्सी साधारण १.६ टनांची. पट्टा ५ ते ६ टन तुटणभाराचा, ताणला जाणारा, ८–९ मीटरचा. जास्त क्षमतेचा पट्टा जास्त चांगला, हा गैरसमज आहे. मोठ्या गाड्यांसाठीचा जाड पट्टा जिप्सीच्या वजनाने ताणलाच जात नाही आणि सगळा झटका हुकाला बसतो. पट्टा हुकाला जोडायचे शॅकल (लोखंडी कड्या, पाट्याचे शॅकल वेगळे) ४.७५ टनांचे, पिन पूर्ण आवळून पाव फेरा मागे. टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला) पट्टा कधीच अडकवू नका, तो तुटला तर तोफगोळ्यासारखा मागच्या गाडीच्या काचेतून आत येतो. पट्ट्याच्या मधोमध ओली गोणी किंवा जाड घोंगडी टाका आणि माणसं पट्ट्याच्या दीडपट अंतरावर उभी करा.

विंच घ्यायचाच असेल तर भरलेल्या वजनाच्या दीडपट, म्हणजे ६,००० पौंडांचा पुरे. पूर्ण भाराला तो ३०० अँपिअरच्या वर ओढतो, त्यामुळे जुनी बॅटरी आणि गंजलेली अर्थ केबल आधी बदला. एकट्याने न जाता दुसरी गाडी सोबत नेली तर विंचशिवाय बराच काळ निभतं. फावडं मात्र प्रत्येकाकडे हवं.

आणि मग पाटे

इतकं करूनही पोट घासत असेल तर ५० मिमीपर्यंतची लिफ्ट. त्याचे तीन मार्ग.

लांब शॅकल हा स्वस्तातला मार्ग. शॅकल २ इंच लांब केला तर गाडी १ इंचच उचलते. जिप्सीच्या पुढच्या पाट्यांचे शॅकल पुढच्या टोकाला असतात. ते टोक खाली गेलं की ॲक्सल पुढे झुकतं, कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि गाडी हायवेवर सरळ चालेनाशी होते. ॲक्सल आणि पाट्याच्या मध्ये पाचर घालून हे सुधारावं लागतं. मूळ मापाहून इंचभरच लांब, त्यापुढे नाही.

दुसरा मार्ग जास्त कमान असलेले नवे पाटे. महाग, पण बरोबर. जुनेच पाटे ठोकून कमान वाढवून देणारे कारागीर असतात. थंड ठोकलेले पाटे काही महिन्यांत पुन्हा बसतात, तापवून नीट पाणी न दिलेले तुटतात.

तिसरा मार्ग पाटे ॲक्सलच्या खालून काढून वर बसवणं. एका दमात पाच इंच उंची मिळते म्हणून तरुण मंडळी याच्या प्रेमात असतात. हौजिंगवर नवे पॅड वेल्ड करावे लागतात आणि चुकीच्या उष्णतेने हौजिंग वाकतं. ड्रॅग लिंकचा (स्टीअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा) कोन इतका तिरपा होतो की खड्ड्यात स्टीअरिंग आपोआप फिरतं. ॲक्सिलरेटर दाबला की पाटा एसच्या आकारात पिळतो आणि शाफ्टचे क्रॉस (सांध्यातले जॉइंट) तुटतात. रस्त्यावरच्या गाडीला हे करू नका.

नवे पाटे बसवायची पद्धत:

१. दोन दिवस आधीपासून सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारा. चारी चाकांवर हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा.

२. चासी घोड्यांवर (लोखंडी टेकूंवर), ॲक्सल जॅकवर. एका वेळी एकच ॲक्सल. ब्रेकचा होज ताणला जात नाही हे आधी बघा.

३. यू-बोल्ट नवेच घ्या. जुने एकदा ताणलेले असतात, पुन्हा आवळले तर आटे सोडतात.

४. सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या पॅडमधल्या भोकात पूर्ण बसलं पाहिजे. अर्धवट बसलं तर ॲक्सल तिरकं राहतं आणि गाडी खेकड्यासारखी चालते.

५. यू-बोल्ट तिरप्या जोडीने, थोडे थोडे आवळा. दोन्ही पायांचे आटे सारखे बाहेर दिसले पाहिजेत.

६. शॅकल आणि पाट्याच्या डोळ्यांचे बोल्ट आता नुसते हाताने. गाडी चाकांवर उतरवा, चार वेळा दाबून हलवा, मगच आवळा. चाक लोंबत असताना आवळलं तर गाडी खाली आल्यावर बुश कायमचे पिळलेले राहतात आणि महिनाभरात फाटतात.

७. शंभर किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा. हे नव्वद टक्के लोक विसरतात.

काम झाल्यावर स्टीअरिंग एका बाजूला वळलेलं दिसेल. स्टीअरिंग काढून सरळ बसवू नका. स्टीअरिंग बॉक्स मधोमध सर्वांत कमी सैल असतो. तो मध्य सोडला की सरळ रस्त्यावर कायम खेळ जाणवतो. ड्रॅग लिंकची लांबी फिरवून जुळवा. मग टो-इन (पुढच्या चाकांचा आतला कल) तपासा आणि हेडलाइटचा झोत खाली करा, समोरच्याच्या डोळ्यात जातो.

शेवटची चाचणी अंगणातच. एका बाजूचं पुढचं चाक दीड फूट उंच दगडांच्या रचलेल्या ढिगावर चढवा, दुसरं लोंबू द्या. आता खाली वाका. लोंबणाऱ्या बाजूला आधी कोण ताणलं जातंय? शॉकअप आधी ताणला जायला हवा. ब्रेकचा होज आधी ताणला गेला तर लांब होज लावल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका. शॉकअप पूर्ण ताणला जाऊन पाट्याला खाली यायला फारच लवकर अडवत असेल तर लांबीचा हवा. प्रोपेलर शाफ्टची सरकती बाही किती बाहेर आली ते बघा; जुन्या ग्रीसच्या खुणेपेक्षा फार बाहेर असेल तर टोकाला स्पेसर टाकावा लागेल. स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर कुठे घासतो तिथे खडूने खूण करा. हेच मागच्या चाकांनाही करा.

पहिली वाट

फोर-एच आणि फोर-एल (चारी चाकांना ताकद, लो गिअरमध्ये) फक्त सैल जमिनीवर. जिप्सीत पुढचा आणि मागचा ॲक्सल यांच्या मधे तिसरा डिफ नाही, डांबरावर वळलात की दोन्ही शाफ्ट एकमेकांशी भांडतात आणि गिअर लिव्हर अडकून बसतो. अडकलाच तर थोडं सरळ मागे घ्या, सुटतो. फोर-एल गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून टाका.

एक चाक हवेत फिरतंय आणि गाडी जागची हलत नाही, हे होणारच. ॲक्सिलरेटर हलका धरून डाव्या पायाने ब्रेक किंचित दाबा, फिरणाऱ्या चाकाला अडवल्यावर ताकद दुसरीकडे जाते. स्टीअरिंग पूर्ण वळवलेलं असताना झटक्याने ॲक्सिलरेटर देऊ नका. पुढचे जॉइंट तिथेच फुटतात. डिफ लॉकचा (दोन्ही चाकं एकत्र फिरवणाऱ्या कुलपाचा) खर्च वर्षभर तरी पुढे ढकला.

गाडीत सोबत ठेवा: क्लच केबल, ॲक्सिलरेटर केबल, फॅन बेल्ट, वरचा-खालचा होज, शाफ्टचा एक क्रॉस, दोन यू-बोल्ट, फ्यूज, एक लिटर गिअर ऑइल, पाच लिटर पाणी, बंधनतार. क्लच केबल घरी एकदा स्वतः बदलून बघा, म्हणजे चिखलात शोधाशोध होत नाही.

परत आलात की त्याच संध्याकाळी खालून धुवा. ब्रेक ड्रमच्या आत, रेडिएटरच्या जाळीत आणि पाट्यांच्या फटींत अडकलेली माती वाळली की दगड होते. दुसऱ्या दिवशी शाफ्टच्या निपलांत ग्रीस मारा, आतलं जुनं मातकट ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत. आणि गाडी रात्रभर उभी राहिल्यावर दोन्ही डिफचे निचऱ्याचे बोल्ट अर्धवट सैल करून बघा. पाणी जड असतं, रात्रभरात तळाशी बसतं. पहिले चार थेंब स्वच्छ तेलाचे आले तर बोल्ट पुन्हा आवळा.